घरच्या कामाच्या टेबलावरचे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग कसे ठेवावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेझिस्टर, कॅपॅसिटर, डायोड, आयसी (चिप), एलईडी घरात कसे ठेवायचे याविषयी मला गेली काही वर्षं फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका रुपयाचा रेझिस्टर वेळेवर हाती लागला नाही की सुट्टीचा दिवस जातो. मग तोच पुन्हा विकत आणायचा आणि नंतर आधीचे दहा सापडायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. म्हणून खालचं प्रत्येक उत्तर देताना मी एवढंच बघितलं आहे: कुठे ठेवलं ते सहा महिन्यांनी विसरल्यावरही वस्तू सापडेल का, आणि सापडली तर चालेल का?

१. माझं सगळं सामान एकाच पिशवीत आहे. सुरुवात कुठून करू?

डबे विकत आणण्यापासून करू नका. आधी ढीग वेगळे करा. कशाचा ढीग मोठा होतो ते कळल्याशिवाय किती कप्पे लागतील हे सांगता येत नाही.

जमिनीवर जुनी पांढरी सुती चादर अंथरा. सिंथेटिक नको, तिच्यावर स्थिर वीज साठते (प्रश्न ९). पिशवी तिच्यावर रिकामी करा आणि पाच-सहा ताटल्या जवळ ठेवा. सगळ्यात आधी बॅटऱ्या आणि बटण सेल उचलून बाजूला करा (प्रश्न १४). मग आयसी आणि मॉड्यूल. त्यानंतर रेझिस्टर, कॅपॅसिटर, डायोड-ट्रान्झिस्टर, एलईडी, आणि शेवटी कनेक्टर, स्विच, स्क्रू असा यांत्रिक माल. पहिल्या बैठकीत व्हॅल्यू अजिबात वाचू नका. रंगपट्ट्या वाचत बसलं की तासाभरात डोळे थकतात, चादर तशीच राहते आणि रात्री कोणीतरी ती गुंडाळून ठेवतं. जाती एका दिवसात लावायच्या, व्हॅल्यू पुढच्या आठवड्यात रोज थोड्या थोड्या.

२. कोणत्या प्रकारचे डबे किंवा ड्रॉवर घ्यावेत?

दोन प्रकार पुरतात. मण्यांचे असतात तसे, कप्पे पाडलेले पारदर्शक प्लास्टिकचे चपटे डबे, आणि छोट्या छोट्या ड्रॉवरचं भिंतीला टेकवून ठेवायचं कॅबिनेट. लहान, हलका, भरपूर प्रकारांचा माल डब्यात. जाड कॅपॅसिटर, रिले, हीटसिंक, पोटेन्शिओमीटर ड्रॉवरमध्ये.

डबा घेताना तो उलटा करून हलवून बघा. झाकण आणि कप्प्याची भिंत यांच्यात फट असेल तर एलईडीचे पाय आणि डायोड शेजारच्या कप्प्यात सरकतात, आणि तुम्हाला ते कळतही नाही. दुकानात खिशातून एखादी टाचणी काढून कप्प्यात टाकायची, झाकण लावायचं, डबा उभा-आडवा करायचा. टाचणी जागेवर राहिली तर डबा घ्यायचा. काढता-घालता येणाऱ्या आडभिंतींच्या डब्यांत ही फट हमखास असते, त्यामुळे मी एकसंध साच्याचेच डबे घेते.

सगळे डबे एकाच मापाचे, एकाच बनावटीचे घ्या. वेगवेगळ्या मापांचे डबे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि खालचा काढताना वरची चळत कोसळते.

३. मिसळणाचा डबा, काडेपेट्या, गोळ्यांच्या बाटल्या चालतील का?

चालतील, आणि सुरुवातीला तर यांच्यावर पैसे वाचवावेतच. काडेपेट्या एकमेकींना चिकटवून ड्रॉवरची भिंत करायची जुनी पद्धत चांगली आहे. प्रत्येक खणाला पुढे एक जाड दोऱ्याची गाठ ओवली की झाली मूठ. फक्त काडी ओढायची पट्टी आधी सोलून काढा आणि पुठ्ठा ओल धरतो हे लक्षात ठेवून पावसाळ्यात ही भिंत बंद कपाटात ठेवा.

मिसळणाचा डबा मात्र साठवणीपेक्षा चालू कामासाठी चांगला. एका प्रकल्पाला लागणारे सात प्रकार सात वाट्यांत काढून घ्यायचे आणि काम संपलं की उरलेले जागच्या जागी परत. झाकण लागलं तरी डबा तिरका झाला की वाट्यांतलं सगळं एक होतं, म्हणून कायमचा माल त्यात नको. एकदा सोल्डरच्या कामाला वापरलेली कोणतीही वाटी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं.

४. रेझिस्टरच्या प्रत्येक व्हॅल्यूला वेगळा कप्पा करायचा का? मग तर शंभर कप्पे लागतील!

शंभर नाही लागत. घरच्या कामात ई१२ ही प्रमाणित व्हॅल्यूंची मालिका पुरते: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. हेच बारा आकडे दर दसपटीला फिरून येतात. १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंत मोजले तर पाच दसपटी गुणिले बारा आणि वर शेवटचा एक, असे ६१ प्रकार होतात. ई६ वर भागवलं (१०, १५, २२, ३३, ४७, ६८) तर फक्त ३१.

तेवढेही कप्पे नसतील तर पाच कप्पे करा आणि गुणकाच्या पट्टीच्या रंगाने लावा. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये ही तिसरी पट्टी असते. काळी म्हणजे १० ते ८२ ओहम, तपकिरी म्हणजे १०० ते ८२०, लाल म्हणजे १ ते ८.२ किलो, नारिंगी म्हणजे १० ते ८२ किलो, पिवळी म्हणजे १०० ते ८२० किलो. हिरवी आली तर मेगाओहम, ते थोडेच असतात, पिवळ्यांतच राहू द्या. लावताना पूर्ण व्हॅल्यू वाचावी लागत नाही, एका पट्टीकडे बघून काम होतं. शाळेतली मुलंही हे पटापट करतात. शोधताना कप्प्यातल्या बारांतून एक निवडायचा असतो आणि ते काही सेकंदांचं काम आहे.

मेटल फिल्मच्या निळसर रेझिस्टरवर पाच पट्ट्या असतात आणि त्यांत गुणक चौथ्या पट्टीवर असतो. ते तपकिरी-पिवळट कार्बन फिल्ममध्ये मिसळू नका. निळ्या अंगावर लाल, तपकिरी आणि नारिंगी ओळखणं अवघड जातं, तिथे मल्टिमीटर लावूनच खात्री करावी.

माझी स्वतःची पद्धत अशी: टपालाच्या छोट्या पाकिटांना वरची कड कापून, प्रत्येकावर व्हॅल्यू लिहून, ती बुटाच्या खोक्यात वाचनालयातल्या कार्डांसारखी उभी लावलेली. कागदी टेपला चिकटून आलेले रेझिस्टर टेपसकट घडी घालून पाकिटात जातात. ६१ पाकिटं एका वीतभर जागेत मावतात.

५. लेबलवर काय लिहू, कशाने लिहू, कुठे लावू?

लेबल डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नाही. एकसारखी झाकणं अदलाबदल होतात आणि मग सगळं लेबलिंग खोटं ठरतं.

दशांश चिन्ह लिहू नका. ते पुसट झालं की ४.७ किलोचं ४७ किलो होतं. ४के७ असं लिहायचं. अक्षर दशांशाच्या जागी येतं, म्हणून पुसलं तरी घोटाळा होत नाही. ओहमसाठी आर, म्हणजे ४.७ ओहम असेल तर ४आर७. सर्किटच्या आराखड्यांवरही हीच रीत दिसते.

मार्करची शाई दोन-तीन उन्हाळ्यांत फिकी पडते आणि सोल्डर साफ करायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सांडलं तर लगेच पुसली जाते. साध्या शिसपेन्सिलीने कागदावर लिहिलेलं टिकतं. वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, पण ती पिवळी पडून कडा सोडते, म्हणून कागदाच्या चारही बाजूंनी थोडी बाहेर येऊ द्या.

ट्रान्झिस्टरच्या लेबलवर पायांचा क्रम हवाच. चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली असे धरले तर बीसी५४७चा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा आहे आणि पीएन२२२२चा एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोन्ही सारखे. वर पी२एन२२२२ नावाचा आणखी एक येतो, त्याचा क्रम पुन्हा बीसी५४७सारखा. हे दरवेळी डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) शोधण्यापेक्षा कप्प्यावर तीन अक्षरं लिहिलेली बरी.

६. सिरॅमिक कॅपॅसिटरवर १०४, २२१, ४७ असं काय काय असतं. कोणत्या क्रमाने लावू?

पहिले दोन आकडे, आणि तिसरा आकडा म्हणजे पुढे द्यायची शून्यं. उत्तर पिकोफॅरडमध्ये येतं. १०४ म्हणजे १०च्या पुढे चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड, म्हणजे १०० नॅनो, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. २२१ म्हणजे २२० पिको. दोनच आकडे असतील तर तीच व्हॅल्यू, ४७ म्हणजे ४७ पिको.

अडचण येते ती एकाच कॅपॅसिटरला तीन नावं असल्यामुळे. दुकानदार "पॉइंट वन" म्हणतो, आराखड्यावर १०० नॅनो असतं आणि अंगावर १०४. कप्प्यावर अंगावरचा आकडा मोठा लिहा आणि खाली बारीक अक्षरांत उरलेली दोन्ही नावं. कप्पे लावायचे ते तिसऱ्या आकड्याने: आधी सगळे १ने संपणारे, मग २ने, असे ४-५ पर्यंत.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मात्र व्होल्टेजने लावा, मग व्हॅल्यूने. १००० मायक्रोफॅरडचा १६ व्होल्टवाला ३५ व्होल्टच्या जागी बसवला गेला तर तो फुगतो, फुटूही शकतो. उलट जास्त व्होल्टचा कमी जागी चालतो, फक्त तो आकाराने मोठा असतो.

७. आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. भागांचे पाय काळे पडणं, स्विच आणि रिलेचे संपर्क खराब होणं, लेबलं सुटणं, पुठ्ठ्याला बुरशी येणं हे सगळं याच दोन महिन्यांत घडतं. सगळी खोली कोरडी करायला जाऊ नका, डबा कोरडा करा.

ज्याच्या झाकणाला रबरी गॅस्केट आहे असा हवाबंद मोठा डबा घ्या. छोटे कप्प्यांचे डबे त्याच्या पोटात ठेवा आणि वर सिलिका जेलची पुरचुंडी. आत बसेल असा छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो झाकणाजवळ असा ठेवा की बाहेरून आकडा दिसेल. ५० टक्क्यांच्या खाली असला तर पुरे.

सिलिका जेल रंग बदलणारं घ्या. नारिंगी खडे ओलावल्यावर हिरवट-काळसर होतात. निळे गुलाबी होतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला वाईट, म्हणून नारिंगीच घ्या. रंग बदलला की खडे साधारण १२० अंशांना तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. नुसतं उन्हात ठेवून ते पुरेसे कोरडे होत नाहीत. तापवायला वेगळं जुनं भांडं ठेवा, स्वयंपाकाचं नको. तांदळावर विसंबू नका. तांदूळ फार थोडी ओल शोषतो, आणि त्याची पूड आणि किडे डब्यात येतात ते वेगळंच.

डबा बंद करायची वेळही महत्त्वाची. मे महिन्यात, कोरड्या दुपारी भरून बंद करा. पाऊस सुरू झाल्यावर बंद केलात तर ओली हवाच आत कोंडली जाते आणि सगळं सिलिका जेल तीच शोषण्यात संपतं.

८. जुन्या भागांचे पाय काळे पडलेत. टाकून द्यायचे का?

नाही. काळे पाय सोल्डर धरत नाहीत, एवढंच. खोडरबराने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने पाय घासा, अल्कोहोलने पुसा, सोल्डरिंग लोखंडाच्या टोकाने थोडं फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारा लेप) आणि सोल्डर लावून पाय कल्हई केल्यासारखे चमकवून घ्या. सोल्डर पसरलं तर भाग चांगला.

काळे का पडले तेही बघा. रबरबँडने जुड्या बांधल्या असतील तर ते थांबवा. रबरात गंधक असतं, त्याने चांदीचा मुलामा आणि तांबं काळवंडतं, आणि आपल्या उन्हाळ्यात रबर वितळून पायांना चिकटतं. जुड्या बांधायला सुती दोरा किंवा कागदाची पट्टी वापरा.

९. स्थिर विजेचं खरंच एवढं भय आहे का? मी इतकी वर्षं थर्मोकोलमध्ये आयसी खोचून ठेवतोय.

पांढऱ्या थर्मोकोलमधून आयसी आजच काढा. थर्मोकोलवर स्थिर वीज चांगलीच साठते आणि तुम्ही नेमके आयसीचे पायच तिच्यात रुतवता.

बोटाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेट या टोकाखालचा ऑक्साइडचा थर त्याच्या कितीतरी कमी व्होल्टला फाटतो. म्हणजे आपल्याला काहीच न जाणवता भाग मरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट दुखावतो आणि महिन्याभराने बंद पडतो. आपल्याकडे यात प्रदेशानुसार फरक आहे. कोकणात पावसाळ्यात हवेच्या ओलीमुळे वीज फारशी साठत नाही, तिथे खरा शत्रू ओल. विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत मात्र ती भरपूर साठते.

सगळ्यांना सारखं जपायची गरज नाही. रेझिस्टर, बहुतेक कॅपॅसिटर, १एन४००७ डायोड, बीसी५४७, ७८०५ रेग्युलेटर आणि साधा ५५५ टायमर हे दणकट गडी आहेत, प्लास्टिकच्या कप्प्यात खुशाल ठेवा. जपायचं ते आयआरएफ५४०सारखे मॉसफेट, ४०१७सारख्या ४००० मालिकेतल्या सीमॉस आयसी, मायक्रोकंट्रोलर, सेन्सर आणि ईएसपी३२सारखी मॉड्यूल यांना.

त्यांच्यासाठी काळा, वीजवाहक फोम घ्या. त्यात सगळे पाय एकाच विद्युतपातळीवर राहतात. गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीच्या स्वतःच्या अंगावर वीज साठत नाही, पण बाहेरच्या विजेपासून ती आतल्या वस्तूला वाचवत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, ती वाचवते, मात्र तोंड दुमडून बंद केलेलं हवं. काहीच नसेल तर थर्मोकोलच्या तुकड्याला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळा आणि आयसी फॉइलमधून खोचा. स्वतःचा सेल असलेलं मॉड्यूल (घड्याळाचं, मेमरीचं) फॉइलवर किंवा काळ्या फोमवर कधीच ठेवू नका, सेल शॉर्ट होतो.

काळा फोमही कायमचा नाही. काही वर्षांनी तो चिकट होऊन चुरा व्हायला लागतो आणि पाय गंजवतो. दाबून बघा, बोटाला काळं लागलं तर बदला.

१०. दहा वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर न वापरता पडून आहेत. चालतील?

कदाचित चालतील, पण थेट सर्किटमध्ये लावू नका. आतला ऑक्साइडचा थर पडून राहिल्याने पातळ होतो आणि विजेची गळती वाढते. फुगलेले, तळातून ओले झालेले सरळ बाद करा. बाकीच्यांना १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, पॉवर सप्लायचं व्होल्टेज कमीपासून हळूहळू लिहिलेल्या व्होल्टेजपर्यंत वाढवत अर्धा-एक तास ठेवा. मग रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतंय ते मोजा. १ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपियर गळती. आकडा उतरत उतरत नगण्य झाला तर कॅपॅसिटर सावरला. उतरलाच नाही तर सोडून द्या. हे ६३ व्होल्टपर्यंतच्यांसाठी सांगते आहे. ४०० व्होल्टवाल्यांवर घरी हा प्रयोग करू नका, नवा घ्या.

साठवताना उष्णता टाळा. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर किंवा टीव्हीच्या मागे नको, भिंतीतल्या थंड कपाटात.

११. एसएमडी भाग इतके बारीक आहेत की शिंक आली तरी उडतात. ते कसे ठेवायचे?

एसएमडी म्हणजे लांब पाय नसलेले, बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवायचे भाग. ते ज्या टेपच्या पट्टीत येतात तिच्यातून काढायचेच नाहीत, लागेल तेव्हा लागेल तेवढेच काढायचे. ०८०५ मापाचा तुकडा २ बाय १.२५ मिलिमीटर, ०६०३ चा १.६ बाय ०.८. शिवाय एसएमडी सिरॅमिक कॅपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. पट्टीतून सुटला की त्याची ओळख गेली. मीटरवर मोजून व्हॅल्यू कळते, पण किती व्होल्टचा ते कळत नाही.

पट्टीचे तुकडे ठेवायला व्हिजिटिंग कार्डांचा अल्बम उत्तम. एका खिशात एक व्हॅल्यू, खिशाच्या तोंडाशी लेबल. पट्टीवरही व्हॅल्यू लिहा, कारण तुकडा खिशातून निघून टेबलावर येतो तेव्हा लेबल अल्बममध्येच राहतं. मोजदाद करायची असेल तर फूटपट्टी घ्या: ०६०३ आणि ०८०५ च्या नेहमीच्या पट्टीत दर ४ मिलिमीटरला एक भाग असतो, म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये २५.

सुटे पडलेले रेझिस्टर वाचता येतात. ४७२ म्हणजे ४के७, कॅपॅसिटरसारखीच रीत (प्रश्न ६), फक्त उत्तर ओहममध्ये. ०१सी असं दिसलं तर ती १ टक्केवाल्यांची वेगळी सांकेतिक पद्धत, ०१सी म्हणजे १० किलो.

मोठ्या एसएमडी आयसीच्या पाकिटावर ओलीची पातळी लिहिलेली असते. तिसऱ्या पातळीचा आयसी पाकीट फोडल्यावर, ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत, १६८ तासांत बसवायचा असतो. साध्या सोल्डरिंग लोखंडाने एकेक पाय लावणाऱ्यांना याची फारशी चिंता नाही. हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र) वापरत असाल तर आहे, कारण आतल्या ओलीची एकदम वाफ होऊन आयसीचं अंग तडकतं.

१२. काचेचे छोटे डायोड सगळे मिसळले. १एन४१४८, झेनर, जर्मेनियम कसे वेगळे करू?

आधी भिंग आणि तिरपा उजेड, नंबर दिसला तर प्रश्नच मिटला. नाही दिसला तर मल्टिमीटर डायोडच्या सेटिंगवर ठेवून मोजा. ०.२-०.३ व्होल्टच्या आसपास आला तर जर्मेनियम किंवा शॉट्की. ०.६-०.७ आला तर साधा सिलिकॉन किंवा झेनर (उलटा जोडल्यावर ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड), आणि या दोघांत मीटर फरक करू शकत नाही.

त्यासाठी १२ व्होल्ट डीसी घ्या, मध्ये १ किलोओहम, आणि डायोडची पट्टीची बाजू प्लसकडे, म्हणजे उलटा. डायोडवरचं व्होल्टेज मोजा. ५.१ च्या जवळ दिसलं तर ५.१ चा झेनर. पूर्ण १२ दिसलं तर १एन४१४८, किंवा १२ पेक्षा मोठा झेनर. मोठ्या झेनरसाठी जास्त व्होल्टेजचा सप्लाय लागेल. ओळख पटली की लगेच कागदाच्या पट्टीवर पाय टोचून नंबर लिहा, पुन्हा त्याच वाटीत टाकू नका.

१३. जुन्या टीव्ही, सीएफएल, चार्जरमधून काढलेले भाग नव्यांबरोबर ठेवावेत का?

नाही. वेगळा डबा, आणि लेबलवर कशातून काढले ते लिहा. सीएफएलमध्ये सापडणाऱ्या १३००१ आणि १३००३ ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम बनवणाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणून मूळ बोर्डाचा फोटो असलेला बरा. काढलेले भाग तपासूनच डब्यात टाका.

काढायच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची. २३० व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चिमट्याने धरून दोन्ही पायांवर दहा सेकंद टेकवा, मग मीटरने बघा. थोड्या वेळाने पुन्हा बघा, कारण मोठ्या कॅपॅसिटरवर थोडं व्होल्टेज आपोआप परत उगवतं. साठवताना दोन्ही पायांना तारेचा तुकडा गुंडाळून ठेवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय मोडा.

१४. बॅटऱ्या आणि बटण सेल याच डब्यांत ठेवले तर? घरात लहान मूल आहे.

वेगळे, कुलपात, आणि मुलाच्या हाताबाहेर. या सगळ्या यादीत जिवाशी खेळ होईल अशी वस्तू म्हणजे बटण सेल. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होते. संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता, ओकारी न काढता, थेट रुग्णालयात जायचं.

९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं शेजारी असतात, त्यामुळे डब्यातल्या स्क्रूने किंवा तारेने ती शॉर्ट होते. टोकांवर चिकटपट्टी लावा. १८६५०सारखे लिथियम सेल पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, ३.७-३.८ व्होल्टला ठेवा, प्लास्टिकच्या सेलपेटीत. फुगलेला, ठेचलेला सेल घरात ठेवायचा नाही आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यायचा.

१५. सगळ्याची नोंद वहीत करू की कॉम्प्युटरवर?

नोंद जागेची करा, संख्येची नको. किती शिल्लक आहे हे दर रेझिस्टरला लिहीत बसायची शिस्त घरी दोन आठवड्यांच्या पुढे टिकत नाही, आणि एकदा नोंद चुकली की तिच्यावरचा विश्वास जातो. डब्यांना अ, ब, क द्या, कप्प्यांना आकडे, आणि लिहा: "एलएम३५८: ब७". रेझिस्टर-कॅपॅसिटर तर लिहायचेही नाहीत, ते क्रमानेच सापडतात. नोंद लागते ती आयसी, सेन्सर, मॉड्यूल आणि कनेक्टरची. माझी वही आहे आणि प्रत्येक उघड्या डब्याचा एक फोटो फोनमध्ये. दुकानात उभं असताना तो फोटो कामी येतो.

महाविद्यालयाचा क्लब असेल, चार-पाच जण एकच साठा वापरत असतील, तर इन्व्हेनट्री किंवा पार्ट-डीबी ही मोफत सॉफ्टवेअर बघा. एकट्यासाठी तो पसारा जास्त होतो.

१६. प्रत्येक गोष्ट किती आणून ठेवावी?

१के, ४के७, १०के, १००के, आणि एलईडीसाठी २२०, ३३० व ४७० ओहम हे पन्नास ते शंभर. १०४ सिरॅमिक तेवढेच. १एन४००७, १एन४१४८, बीसी५४७ वीस-पंचवीस. ५५५ आणि ७८०५ चार-पाच. बाकी सगळं प्रकल्पापुरतं अधिक दोन. मुंबईत लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली जवळ असेल तर यापेक्षाही कमी चालेल. तालुक्याच्या गावी कुरिअरवर अवलंबून असाल तर दुप्पट ठेवा, कारण पाच रुपयांच्या वस्तूला पन्नासच्या वर टपालखर्च जातो.

संपल्याचं वेळेवर कळायला एक साधी युक्ती: प्रत्येक कप्प्यात शेवटचे पाच नग छोट्या बंद पिशवीत ठेवा. ती पिशवी फोडायची वेळ आली की खरेदीच्या यादीत नाव लिहायचं.

१७. ताई, ड्रॉवरमध्ये झुरळं आणि कसर होते. डांबरगोळी टाकू का?

टाकू नका. डांबरगोळीची वाफ पॉलिस्टायरीन प्लास्टिकला मऊ करते. पारदर्शक कप्प्यांचे काही डबे त्याच प्लास्टिकचे असतात आणि थर्मोकोलही तेच. कसर लेबलांचा कागद आणि खळ खाते, झुरळं ओल आणि अंधार शोधतात. प्रश्न ७ मधला हवाबंद कोरडा डबा दोघांवरही उपाय आहे. पुठ्ठ्याची रिकामी खोकी खोलीत साठवू नका.

१८. कशातच न बसणाऱ्या वस्तूंचं काय?

त्यांच्यासाठी एक डबा असू द्या, एकच. तो भरला की दुसरा आणायचा नाही, उपसायचा. एकाच जातीच्या पाच वस्तू निघाल्या तर त्यांना स्वतःचा कप्पा मिळतो. नंबर खरवडलेला आयसी, एकच पाय असलेला प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर), कोणत्या यंत्राचा ते न कळणारा स्प्रिंग हे वर्षभर लागले नसतील तर सोडून द्या.

१९. पुराच्या पाण्यात सगळे डबे बुडाले. काही वाचेल का?

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरहून आणि २०२१ मध्ये चिपळूणहून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. वाटतं त्यापेक्षा पुष्कळ वाचतं, मात्र चिखल वाळायच्या आत हात लावावा लागतो. वाळलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि पाय खालून खात राहतो.

आधी लिथियम सेल आणि बॅटऱ्या घराबाहेर मोकळ्या जागी काढा, त्या वापरायच्या नाहीत. मग एकावेळी एकच कप्पा चहाच्या गाळणीत घ्या आणि वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा. कप्पे एकत्र करू नका, पाण्यात गेले तरी बरेच भाग अजून आपापल्या जागी असतात. शेवटचं पाणी शक्य असेल तर डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते चालतं. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मग पंख्याखाली सुती कापडावर दोन-तीन दिवस. कडक उन्हात किंवा चुलीजवळ नको.

रेझिस्टर, सिरॅमिक कॅपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, प्लास्टिकच्या अंगाचे आयसी, एलईडी बहुतेक वाचतात. पाय काळे झाले तर प्रश्न ८ प्रमाणे साफ करा. मोठे एसएमडी आयसी हॉट एअरने लावणार असाल तर आधी भट्टीत कोरडे करावे लागतील. उघडे रिले, प्रीसेट, पोटेन्शिओमीटर, स्विच, स्पीकर, बझर यांच्या आत गाळ जातो, ते सोडून द्या. ट्रान्सफॉर्मर दिसायला कोरडा झाला तरी वेटोळ्यांत ओल राहते, त्यामुळे २३० व्होल्टला जोडायचा असेल तर वाचवायचा मोह टाळा. इलेक्ट्रोलिटिकच्या तळाच्या रबरी बुचापाशी गाळ बसलेला दिसला तर तेही बाद.

धुवायला घेण्याआधी प्रत्येक डब्याचा जसा आहे तसा फोटो काढा. शाईची लेबलं धुऊन गेलेली असतील, पेन्सिलीची बरीचशी वाचता येतील, आणि नाही आली तरी कोणत्या कप्प्याशेजारी कोणता होता हे फोटोवरून लावता येईल.